हातोडा हातासाठीं, हात हातोड्यासाठीं नव्हे

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. खडू धरणाऱ्यानें हातोड्याविषयीं बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु जो घण उचलतो त्याला लिहिण्यास सवड नाहीं आणि जो लिहितो त्यानें घण उचललेला नाहीं; म्हणून हा धंदा कागदावर फारसा आलाच नाहीं. बाप गेला कीं त्याच्याबरोबर अर्धी विद्या जाते. तेव्हां गांवच्या भट्टीवर बसून, विचारून व हातानें करून जें मी शिकलों, तें साध्या शब्दांत सांगतों.

आपला कारागीर चाळिशी ओलांडतो न ओलांडतो तोंच त्याचा खांदा धरतो, कोपर दुखतें, मुठींत जोर राहत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, कष्टाचा धंदा, चालायचेंच! माझें म्हणणें असें कीं, यांतलें बरेंचसें दुखणें कष्टाचें नसून अवजाराचें आहे. ढिली सांडशी व बेताबाहेरचा हातोडा हे दोन चोर हात खातात. या दोघांचाही बंदोबस्त आपल्या घरीं होतो. त्यासाठीं कोणाच्या दारीं जावयास नको.

प्रथम सांडशी घेऊं. सांडशीचा जबडा लोखंडावर नीट बसला नाहीं, तर तें निसटूं नये म्हणून आपण दिवसभर मूठ आवळून धरतों. डावा हात भरून येतो तो यामुळें. तापलेलें लोखंड उडून पायावर पडतें तेंही यामुळेंच. म्हणून खुरप्याच्या पट्टीला एक, गोल गजाला दुसरी, अशा निरनिराळ्या सांडशा हव्यात. त्या विकत घेण्याचें कारण नाहीं.

खुरपें, विळा अशा हलक्या कामाची सांडशी करावयाची तर साध्या मऊ लोखंडाचा चार सुती चौकोनी गज घ्या. त्याचे पंधरा-पंधरा इंचांचे दोन तुकडे करा. एवढी लांबी असली म्हणजे थंड टोंक हातांत धरतां येतें. पहिली सांडशी करण्यास दुसरी सांडशी लागत नाहीं. कमानपाट्याचें पोलाद यासाठीं नको. त्याचा तापलेला जबडा पाण्यांत बुडाला कीं ठिसूळ होतो व एके दिवशीं काडकन् मोडतो.

टोंक पिवळसर होईपर्यंत तापवा. शेवटचा एक इंच ऐरणीच्या आपल्याकडील कडेवर ठेवून निम्म्या जाडीचा होईपर्यंत चपटा करा, हा जबडा. मग तुकडा पाव फेरा फिरवा, जबडा ऐरणीच्या पलीकडच्या कडेबाहेर तिरपा काढा व त्यामागचा एक इंच चपटा करा. ही जोडाची जागा. पुन्हां त्याच बाजूस पाव फेरा फिरवून पुढें सरकवा आणि तेथून दांडा निमुळता ठोकत न्या. दर वेळीं लोखंड लाल पडूं लागलें कीं परत भट्टींत घाला. थंड लोखंडावर घाव घालणें म्हणजे आपल्याच कोपरावर घाव घालणें होय.

आतां मुख्य खूण सांगतों. दुसरा तुकडाही अगदीं पहिल्यासारखाच, त्याच बाजूस फिरवून करावयाचा. पुष्कळ नवशिके एक डावा व एक उजवा असे दोन भाग करतात. ते जोडले कीं जबडे समोरासमोर येतच नाहींत. दोन भाग जुळे भाऊ असावेत, आरशांतलें प्रतिबिंब नव्हे.

जोडाच्या जागीं तापवून सुंब्यानें भोंक पाडा व ८ मिलिमीटरची रिबीट तापवून बसवा. मग जोड पुन्हां लाल करून दांडे उघडझांप करा, म्हणजे सांडशी मोकळी चालूं लागेल. शेवटीं जबडा तापवून, ज्या जाडीचें लोखंड धरावयाचें तोच थंड तुकडा त्यांत धरा व ठोकून बसवा. गोल गजासाठीं जबड्यांत लांबीला उथळ पन्हळ पाडा. त्याच वेळीं दांडे वाकवून त्यांतलें अंतर आपल्या मुठीला बेताचें करा. दांड्यांवर एक सैल कडी सरकवली कीं तीच पकड धरून ठेवते, मुठीला विसांवा मिळतो. एक ताकीद मात्र ध्यानांत ठेवा: जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा भट्टींत घालूं नका. त्याचा धूर छातींत गेला कीं थंडी वाजून ताप भरतो.

आतां हातोडा. जड हातोडा म्हणजे मर्दपणा, ही समजूत सोडा. शाळेंतलें गणित असें कीं, वजन दुप्पट केलें तर घावाचा जोर दुप्पट होतो. वेग दुप्पट केला तर चौपट. ज्याचा वेग शेवटपर्यंत टिकतो तो हातोडा आपला. मोठ्या माणसास एका हातानें चालविण्यास सुमारें एक किलोचा पुरे. शिकाऊ पोरास अर्ध्या किलोपासून सुरवात करूं द्यावी. जो ऐरणीपाशीं बसून काम करतो त्याच्या घावामागें कमरेचें बळ नसतें, सारा भार खांद्यावर. त्यानें आणखी हलका घ्यावा. पारख दुकानांत एकदां उचलून होत नाहीं. पन्नासावा घावही सपाट पडतो कीं मनगट वळतें, तें पाहावें.

दांडा सरळ धाग्याचा, बिनगांठीचा असावा. बाभूळ किंवा धावडा उत्तम. तो गोल नको, लांबट गोल हवा, म्हणजे हातोड्याचें तोंड कोणीकडे आहे हें न पाहतां कळतें. मूठ वळली असतां बोटांची टोंकें तळहाताला जेमतेम टेकावींत, इतकीच त्याची जाडी. बाजारी दांड्याचें रोगण खरवडून काढा. नव्या हातोड्याच्या धारदार कडा कानशीनें किंवा सहाणेवर गोल करा, नाहींतर लोखंडावर वण उमटतात. दांडा ढिला झाला तर पाण्यांत भिजत घालूं नका. तो फुगतो, वाळतो आणि पूर्वीपेक्षां ढिला होतो. नवी पाचर मारा. हातोड्यावर हातोडा कधीं मारूं नका; कपची उडून डोळा जातो.

याहून मोठी गोष्ट घणाची. गांवोगांव फिरणाऱ्या घिसाडी कुटुंबांत पुरुष सांडशी धरून बसतो आणि घण बाई उचलते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्या घणाचें वजन कोण ठरवितो? जो बसलेला असतो तो! हा न्याय नव्हे. जिला दिवसभर घण उचलावयाचा, तिनेंच तो हातांत घेऊन, चार घाव घालून निवडावा. पांच किलोचा पेलत नसेल तर तीन किलोचा घ्यावा. चार घाव अधिक लागतील, पण बाईचा खांदा शाबूत राहील.

सरकारनें २०२३ च्या सप्टेंबरांत प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरूं केली. तिच्या अठरा धंद्यांत लोहारकामाचें नांव घातलें आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली. ज्यांस ती मिळेल त्यांनीं अवश्य घ्यावी. परंतु जें घरीं होत नाहीं, जसें चांगली ऐरण व भात्याचा पंखा, त्यांतच तो पैसा घालावा. तयार पेटींतली सांडशी कोणाच्याच मुठीचें माप घेऊन केलेली नसते.

खंडेनवमीला आपण अवजारांस गंधफूल वाहतों. ज्या हातोड्यापुढें हात जोडावयाचे, त्याचा दांडा हलतो, पाचर निघालेली, आणि त्याच्यापायीं घरच्या माणसाचा हात दुखतो! या खेपेस गंध लावण्यापूर्वीं दांडा बसवा, पाचर मारा, एक नवी सांडशी करा, आणि घरांतल्या मुलामुलींस शेजारीं बसवून तें दाखवा. अवजाराची खरी पूजा तीच.