स्वस्तातला मोबाईल घेताना बॅटरी कशी पारखावी?



बैल घ्यायला बाजारात गेलात तर तुम्ही काय करता? दात बघता, खूर बघता, दोन पावलं चालवून बघता. नुसती झूल बघून कुणी बैल घेत नाही. पण आठ-दहा हजारांचा मोबाईल घेताना आपण बहुधा झूलच बघतो. रंग चांगला, मागे तीन कॅमेरे, दुकानदार म्हणतो, "घ्या काका, हा फार खपतोय," की झाला सौदा. आज या फोनचे दात कसे बघायचे ते सांगणार आहे. त्यातही मुख्य गोष्ट बॅटरीची.

शेतीच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. आमच्या भागातल्या एका शेतकरी बंधूंची हकीकत ऐका. ई-पीक पाहणीचा शेवटचा दिवस. सोयाबीनचा फोटो काढायला ते तीन किलोमीटर चालत शिवारात गेले. फोन दोन वर्षं वापरलेला, चार्जिंग ३० टक्के. अ‍ॅप उघडलं, फोन जागा शोधू लागला आणि पडदा काळा झाला. घरी आले तर लाईट नाही. मुदत गेली. मग नोंदीसाठी सहाय्यकाकडे चकरा सुरू झाल्या. सातबाऱ्यावर पीक लागायला उशीर, म्हणून हमीभाव केंद्रावरची नोंदणी लांबली. घरात पैशाची नड होती, तेव्हा काही माल व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने घालावा लागला. फोन घेताना वाचवलेले हजार-दोन हजार असे एका दिवसात निघून गेले.

बॅटरी म्हणजे विहीर, वापर म्हणजे मोटार

फोनच्या डब्यावर ५००० एमएएच असा आकडा असतो. ही झाली विहिरीची क्षमता. पण विहीर मोठी म्हणून ओलीत जास्त होतंच असं नाही. मोटार किती उपसते तेही बघावं लागतं. म्हणून ५००० च्या दोन फोनांपैकी एक रात्रीपर्यंत टिकतो आणि दुसरा चार वाजताच मान टाकतो.

सर्वांत मोठा उपसा पडद्याचा. उन्हात नीट दिसावं म्हणून प्रकाश पूर्ण वाढवला की बॅटरी भराभर उतरते. दुसरा उपसा रेंजचा. टॉवर लांब असला की फोनला जणू मोठ्याने ओरडावं लागतं, आणि ओरडायला ताकद लागते. गावात दिवसभर टिकणारा फोन शिवारात दुपारीच बसतो, त्याचं बहुधा हेच कारण. तिसरा उपसा जागा शोधण्याचा, म्हणजे जीपीएसचा. चौथा प्रोसेसरचा. प्रोसेसरपुढे १२ नॅनोमीटर, ६ नॅनोमीटर असं लिहिलेलं असतं. हा आकडा जितका लहान, तितका तो साधारणपणे कमी वीज खातो. दुकानात हे जरूर विचारा.

दुकानात काय बघावं

१) बॅटरी ५००० एमएएच किंवा जास्त असावी. त्याहून कमीचा फोन शेतकऱ्याने शक्यतो घेऊ नये.

२) फोन हातात घेऊन दुकानाच्या बाहेर उन्हात या. पडदा वाचता येतो का बघा. आपलं काम बांधावर आहे, दुकानातल्या दिव्याखाली नाही.

३) रॅमचा आकडा नीट वाचा. काही डब्यांवर मोठ्या अक्षरांत ८ जीबी असतं. खाली बारीक अक्षरांत ४ अधिक ४ लिहिलेलं असतं. त्यातली ४ खरी, बाकीची साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली. खरी ४ जीबी असेल तर आपली बहुतेक कामं निभतात.

४) डब्यात चार्जर आहे का? हल्ली काही फोनांत नसतो. मग तो खर्च किमतीत धरा.

५) सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचा व्यवहार करणं म्हणजे कडी नसलेल्या कोठारात धान्य ठेवणं.

६) जुना फोन घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून हा नंबर लिहा आणि १४४२२ वर संदेश पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं. पावतीशिवाय जुना फोन घेऊ नका.

स्वस्त कोणता, महाग कोणता?

किंमत वर्षावर वाटून बघा. समजा, एक फोन ८००० रुपयांचा आहे आणि दोन वर्षांत टाकावा लागला. वर्षाला पडले ४००० रुपये. दुसरा १२,००० चा, मध्ये १००० रुपये देऊन बॅटरी बदलली आणि चार वर्षं चालला. एकूण १३,०००, म्हणजे वर्षाला ३२५० रुपये. यातला स्वस्त कोणता ते तुम्हीच सांगा. पण याचा अर्थ कर्ज काढून पंचवीस हजारांचा फोन घ्या असा नाही. ज्याला फक्त बोलायचं आहे आणि मोबाईल स्टार्टरने मोटार चालू-बंद करायची आहे, त्याला बटणांचा साधा फोन पुरतो. त्याची बॅटरी दोन-तीन दिवस सहज जाते.

विजेच्या बिलाची काळजी मात्र नको. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार्जरमधली घट धरली तरी एका युनिटमध्ये असा फोन चाळीसएक वेळा भरतो. रोज भरला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट.

पॉवर बँक घेताना फसू नका. १०,००० एमएएच लिहिलं म्हणजे ५००० चा फोन दोनदा भरेल असं नाही. पाटातून पाणी नेताना मुरतं, तसं इथेही मुरतं. दीड वेळ भरला तरी बरोबर समजा.

बॅटरीची निगा

फोनमधली बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. पन्नास टक्के दोनदा भरलं तर ते एकदाच मोजलं जातं. म्हणून थोडं थोडं भरायला भिऊ नका. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं तर आयुष्य वाढतं. लांबच्या कामाला जाताना मात्र पूर्ण भरा.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. फोन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा उन्हातल्या बांधावर ठेवू नका. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. मोटारीच्या स्टार्टर पेटीतून वायर काढून चार्जर लावणं तर जिवावरचं काम आहे. ते कधीही करू नका. फोनची पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. तिचा भडका उडतो.

शिवारात रेंज अजिबात नसेल तर फोन विमान मोडवर ठेवा. मात्र पावसाळ्यात आभाळ भरून आलं असेल आणि रेंज असेल, तर इंटरनेट बंद करू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेचा इशारा देतं, तो फोन चालू असेल तरच मिळतो. अशा वेळी बॅटरीपेक्षा जीव मोठा.

घरी करून बघा

दुधाची नोंद ठेवता तशी तीन दिवस बॅटरीची नोंद ठेवा. सकाळी सहाला पूर्ण भरा. बारा वाजता, चार वाजता आणि रात्री आठला टक्के वहीत लिहा. सेटिंगमध्ये बॅटरी या ठिकाणी कोणत्या अ‍ॅपने किती खाल्लं तेही दिसतं. जे नको ते बंद करा. शेजाऱ्याच्या फोनशी तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच शिवारात, पडद्याचा प्रकाश सारखा ठेवून करा. दोन वाणांची तुलना आपण एकाच रानात करतो, तसंच हे आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा : विहिरीबरोबर उपसाही बघा. पडदा उन्हात तपासा. किंमत वर्षावर वाटा. फोन सावलीत ठेवा. आणि कोणतंही सरकारी काम शेवटच्या दिवसावर, शेवटच्या दहा टक्क्यांवर टाकू नका.