एका लहान खेळण्याची किंमत
(नभोवाणीवरील भाषण)

लहान मुलासाठीं खेळणें विकत घेणें हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. मूल बोट दाखवितें, आपण खिशांत हात घालतों आणि व्यवहार संपतो. परंतु दोन दिवसांनीं तेंच खेळणें पलंगाखालीं धूळ खात पडलेलें दिसलें, म्हणजे आपले पैसे वायां गेले कीं काय, असा प्रश्न मनांत उभा राहतो. हाच प्रश्न मी आज आपल्यापुढें एका अगदीं लहान खेळण्याच्या निमित्तानें मांडणार आहें.

२०१६ सालीं मी अमेरिकेंत, न्यू जर्सी येथें, माझ्या मुलीकडे गेलों होतों. नातू तेव्हां सहा वर्षांचा होता. एके दिवशीं दुकानांत त्यानें लेगोच्या ठोकळ्यांची एक लहानशी पेटी उचलली. पेटीवर स्पायडरमॅन आणि त्याचा वैरी ग्रीन गॉब्लिन यांचीं चित्रें होतीं. आंत नग ८५. त्यांतून दोन चिमुकल्या गाड्या व्हावयाच्या, आणि त्या हांकणारे दोन पुतळे. किंमत ९ डॉलर ९९ सेंट, कर वेगळा. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्याशा खोक्याला दहा डॉलर? अर्ध्या तासांत जोडून होईल. मग पुढें काय?" नातू कांहींच बोलला नाहीं, पेटी छातीशीं धरून तो माझ्याकडे पाहत राहिला. आजोबांनीं काय केलें असेल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु मुलीचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर शोधल्यावांचून मला चैन पडेना.

प्रथम हिशेबाचा मार्ग घेऊं. या ठोकळ्यांच्या शोकी मंडळींत एक ढोबळ नियम रूढ आहे: अमेरिकेंत दर नगाला दहा सेंट पडले, तर भाव रास्त समजावा. आमच्या पेटींत दर नग सुमारें पावणेबारा सेंटांना पडला. २०१५ मध्यें निघालेल्या ४८४ नगांच्या साध्या पेटींत हा दर यापेक्षां पुष्कळच कमी होता. म्हणजे निव्वळ मोजणीनें पाहिलें, तर आमचा सौदा महागच म्हटला पाहिजे.

हा वरचा पैसा कशाचा? तो मुख्यतः त्या दोन पुतळ्यांचा आणि त्यांच्या नांवाचा. स्पायडरमॅन १९६२ मध्यें स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनीं एका चित्रमालिकेंत जन्मास घातला. त्याचें रूप वापरावयाचें, तर त्या हक्काचा मोबदला द्यावा लागतो, आणि तो अखेर ग्राहकाच्याच खिशांतून जातो. हा खर्च व्यर्थ आहे असें मात्र मला वाटत नाहीं. जें मूल नायकाला ओळखतें, त्याच्या हातीं त्या पुतळ्याबरोबर एक कथाहि येते. परंतु ओळख नसेल, तर तें निव्वळ रंगीत प्लॅस्टिक होय. शिवाय या पेटींतील पुतळ्यांचे पाय आंखूड व न वाकणारे होते. त्यामुळें वीर आपल्या गाडींत बसूं शकत नसे, त्याला उभेंच राहावें लागे. हा दोष सांगितलाच पाहिजे.

आतां ठोकळ्यांच्या गुणाकडे वळूं. डेन्मार्कमधील बिलुंड या गांवीं ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुतारानें १९३२ मध्यें हा कारखाना काढला. लेगो हें नांव "छान खेळ" अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून बनलें आहे. प्रारंभीं तेथें लांकडी खेळणीं होत. वर खुंट्या आणि पोटांत नळ्या असलेल्या ठोकळ्याचें पेटंट १९५८ चें आहे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर नीट बसतो. म्हणून नवी पेटी कितीहि लहान असली, तरी ती घरांतील जुन्या ठोकळ्यांत मिळून जाते. या मिसळण्याचें सामर्थ्य केवढें आहे पाहा. एकाच रंगाचे, आठ खुंट्यांचे दोन ठोकळे २४ प्रकारें जोडतां येतात; तीन घेतले तर १,०६० प्रकारें; आणि सहा घेतले तर हा आंकडा ९१,५१,०३,७६५ वर जातो!

हें सारें मला तेव्हां ठाऊक होतें असें मुळींच नाहीं. नातवानें आणि मीं मिळून त्या गाड्या जोडल्या. बरोबर अर्धा तास लागला; मुलीचें भाकीत खरें ठरलें. मग एकहि नग हरवूं नये म्हणून मीं त्या दोन्ही गाड्या कांचेच्या कपाटांत नेऊन ठेवल्या. दोन दिवस नातू कपाटापाशीं येऊन उभा राही. तिसऱ्या दिवसापासून तो तिकडे फिरकेना. पैसे फुकट गेले, असें मीं मनांत म्हटलें. आणि दोष मात्र पेटीला दिला.

आठवड्याभरानें पाहतों तों कपाट उघडें, दोन्ही गाड्या मोडलेल्या, आणि त्यांचे नग जुन्या ठोकळ्यांच्या डब्यांत मिसळलेले! मी रागावून बोललों. नातवाचे डोळे भरून आले. त्यानें हात मागें घेतला, तेव्हां त्याच्यामागें एक लांबलचक गाडी दिसली. तिच्यावर स्पायडरमॅन आणि ग्रीन गॉब्लिन शेजारीं शेजारीं उभे होते.

"अरे, हे तर एकमेकांचे वैरी ना?" मीं विचारलें.

"हो आजोबा," तो म्हणाला, "पण आतां संध्याकाळ झाली. दोघांना घरीं नको का जायला?"

त्या क्षणीं माझा राग कोठल्या कोठें गेला, आणि स्वतःची थोडी लाजहि वाटली. खेळणें सांभाळण्याच्या नादांत मीं खेळच बंद करून टाकला होता.

तेव्हां अशी पेटी घ्यावी काय? माझें मत असें आहे. घरांत ठोकळ्यांचा डबा मुळींच नसेल, तर आधीं साध्या ठोकळ्यांची पेटी घ्यावी. डबा असेल, मूल त्या वीराला ओळखत असेल आणि पेटी त्यानेंच निवडली असेल, तर वरचे चार पैसे अवश्य द्यावेत. तीन वर्षांखालील मूल घरांत असेल, तर हे बारीक नग त्याच्या हातीं लागूं देऊं नयेत. आम्हीं घेतलेली पेटी कंपनीनें आतां बंद केली आहे. परंतु त्याच जातीच्या लहान पेट्या नव्या नव्या नांवांनीं येत असतात. जुनी पेटी दुर्मिळ म्हणून कोणी चढा भाव सांगितला, तर तो संग्राहकांसाठीं सोडून द्यावा. मुलाला त्या दुर्मिळपणाचा कांहींएक उपयोग नाहीं.

आणि शेवटची अट वडील माणसांसाठीं आहे. घेतलेली वस्तु मोडूं देण्याची तयारी नसेल, तर ती पेटी दहा डॉलरांना काय, एका डॉलरालाहि महागच पडेल. "अर्ध्या तासांत जोडून होईल, मग पुढें काय?" असें माझी मुलगी म्हणाली होती. तिला द्यावयाचें उत्तर मला तिच्याच मुलानें शिकविलें: मग मोडावयाचें, आणि पुन्हां आपल्या मनासारखें जोडावयाचें.