मॉस्कोची भुयारी रेल्वे

वैद्यकीय शिक्षणासाठी मराठी मुलेमुली रशियाला जातात, आणि त्यांना भेटायला बेळगावजवळच्या हिंडलग्यासारख्या गावातून निघालेल्या आईवडिलांना मॉस्कोत उतरताच थंडीहूनही अधिक धास्ती वाटते ती तेथील भुयारी रेल्वेची आणि तिच्या फलकांवरील अपरिचित लिपीची. वास्तविक ज्याचे बोलणे मराठीत आणि बसचे फलक कन्नडमध्ये, अशा सीमाभागातील माणसाने परक्या लिपीला भिण्याचे कारण नाही. सीबीटी या बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर वाहकाची हाक आणि भोवतालची गर्दी यांवरून आपली बस हेरण्याचा सराव त्याला लहानपणापासून असतो, आणि मॉस्कोच्या कारभाऱ्यांनीही नेमकी डोळ्यांना व कानांना पुरेल अशी तजवीज करून ठेवली आहे.

१५ मे १९३५ रोजी सुरू झालेल्या या रेल्वेच्या प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंग व क्रमांक असून, नगराच्या मध्यभागातून आरपार जाणाऱ्या मार्गांना नकाशावरील तपकिरी वर्तुळ जोडते. त्याहून मला मोलाची वाटते ती आवाजाची खूण. बहुतेक मार्गांवर गाडी मध्यभागाकडे निघाली असेल, तर डब्यातील सूचना पुरुषाच्या आवाजात, आणि मध्यभागापासून दूर चालली असेल, तर स्त्रीच्या आवाजात ऐकू येते. वर्तुळावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुरुष, उलट दिशेने स्त्री, असा शिरस्ता आहे. ज्याला तेथील एक अक्षर लागत नाही, किंबहुना ज्याला दृष्टीच नाही, त्यालाही आपण भलत्या दिशेला निघालो हे लगोलग उमगावे, याहून प्रवाशाची अधिक कदर ती कोणती?

घोटाळा होतो तो नावांचा. लेनिन ग्रंथालयापाशी चार मार्गांची स्थानके भुयारांनी परस्परांस जोडलेली आहेत, पण चारांची नावे वेगळी. उलटपक्षी, अर्बात्स्काया या एकाच नावाची दोन स्थानके आहेत, एक गडद निळ्या मार्गावर, दुसरे फिकट निळ्या. म्हणून पत्ता लिहून घेताना नावासोबत मार्गाचा रंग अवश्य लिहून घ्यावा. गडद निळ्या मार्गाची खात्री पटवणारी एक खूण मात्र अशी, की तिला अक्षरज्ञान मुळीच लागत नाही: त्याच मार्गावरील प्लोश्चद रेवोल्युत्सी या १९३८ सालच्या स्थानकात कमानींच्या कडेला कांस्यमूर्ती बसवलेल्या आहेत, आणि त्यांतील सीमारक्षकाच्या कुत्र्याचे नाक, शुभ म्हणून जाणारायेणारा हात लावतो त्यामुळे, सोन्यासारखे लखलखते. तेथून कीयेव्स्काया स्थानकाच्या दिशेने बसले, की पहिलेच स्थानक अर्बात्स्काया.