समालोचकाने फक्त धावाच सांगाव्यात का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सयाजीगंज, बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



विषय कार्यकर्त्यांनीच सुचवला आहे : खेळाचं समालोचन करणाऱ्यांनी राजकारण आणि समाजाच्या प्रश्नांवर बोलावं का? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. क्रिकेट फक्त ऐकलं आणि पाहिलं. तेव्हा जे बोलेन ते एका श्रोत्याचं बोलणं समजा.

आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं सांगतो, कारण ते मलाही पटतं. माणूस सामना बघायला बसतो तो दिवसभराच्या कटकटीतून सुटायला. लहानपणी सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलो की ट्रान्झिस्टरवर बाळ पंडितांचं मराठी समालोचन लागायचं. घरात दोन पक्षांचे दोन मामा होते, एरवी त्यांचं पटत नसे. पण चौकार गेला की दोघे एकाच वेळी टाळी वाजवत. ती टाळी मोलाची आहे. समालोचकानं मधेच कोणाला मत द्यावं हे सांगू लागावं, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

पण मागच्या वर्षी नातवानं एक प्रश्न विचारला आणि मी अडलो. तो विजय हजाऱ्यांविषयी वाचत होता. हजारे जन्मले सांगलीला, पण ते आपले, बडोद्याचे. २००४ साली त्यांनी शेवटचा श्वासही इथेच घेतला. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईत पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत झाली. हजाऱ्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! त्यांचा भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तिच्यात विवेकच्या धावा होत्या २१. एवढं करूनही संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. नातवानं विचारलं, "आजोबा, त्यांच्या संघाचं नाव 'रेस्ट' असं का? रेस्ट म्हणजे कोण?"

रेस्ट म्हणजे बाकीचे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे धर्मावर आणि वंशावर उभे केलेले चार संघ होते. जे यांत बसत नव्हते, त्या ख्रिस्ती, ज्यू वगैरे लोकांसाठी १९३७ मध्ये पाचवा संघ आला. हजारे ख्रिस्ती, म्हणून सांगलीत जन्मलेला हा मराठी माणूस 'बाकीच्यां'त.

आता मला सांगा, या खेळीचं वर्णन करताना फक्त धावा सांगितल्या, तर सगळं सांगितलं असं होईल का? राजकारण समालोचकानं मैदानात आणलेलं नव्हतं. ते धावफलकावरच लिहिलेलं होतं.

१९३४ मध्ये बॉबी तल्यारखानांनी रेडिओवर ज्या सामन्याचं समालोचन केलं, तोही याच स्पर्धेतला, तेव्हाच्या चौरंगीतला. घराघरात तो आवाज लोकप्रिय झाला. पण ही वाटणी बरी की वाईट, हा प्रश्न खेळाबाहेरच्यांनाही विचारावा लागला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली, तेव्हा त्यांनी धर्मावर आधारलेल्या सामन्यांना स्पष्ट विरोध दर्शवला. तरीही स्पर्धा आणखी काही वर्षं चालली आणि १९४६ मध्ये बंद झाली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये, म्हणजे १९४७ साली, आपल्या बडोद्यातच रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाशी झाला. हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागी ५७७ धावांची! हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, आणि दोघेही बडोद्यासाठी खेळणारे. गुल महंमद लाहोरचे. त्या मार्चमध्ये पंजाब दंगलींनी पेटला होता. पुढे हेच गुल महंमद १९५६ मध्ये पाकिस्तानकडून कसोटी खेळले. ५७७ हा आकडा सांगणारानं एवढी दोन वाक्यं जोडली, तर त्याला राजकारण म्हणायचं का? मी त्याला पूर्ण बातमी म्हणेन.

अलीकडचं उदाहरण मायकेल होल्डिंग यांचं. जुलै २०२०, साउदॅम्प्टन, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. पावसानं खेळ थांबला होता, तेव्हा होल्डिंग वर्णद्वेषाविषयी बोलले. कोणत्या पक्षाचा प्रचार केला नाही. जे भोगलं आणि पाहिलं, ते सांगितलं. चेंडू पडत असताना चेंडूकडे पाहावं आणि खेळ थांबला की माणसाकडे पाहावं, हा मला चांगला नियम वाटतो. जे खेळाडूला, मैदानाला किंवा संघाच्या निवडीला भिडतं ते सांगावं; बाकीचं सोडावं. सांगताना माहिती पक्की असावी आणि शेरेबाजी नसावी.

शेवटी स्वतःची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका मोहल्ल्याच्या टेनिस बॉल स्पर्धेला गेलो होतो. माईकवरच्या तरुणानं एका पोराच्या आडनावावरून, त्याच्या धर्मावरून विनोद केला. सगळे हसले, मीही हसलो. तो पोरगा पुढच्याच चेंडूवर बाद झाला आणि मान खाली घालून गेला. संध्याकाळी मला उमगलं की समालोचनात राजकारण नको म्हणणारा मी, ते माईकवरून ऐकत होतो आणि हसत होतो. ते मला राजकारण वाटलं नाही, कारण ते माझ्यावर नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. माईक हातात घेतला की माणूस समाजाविषयी बोलतोच, कधी बोलून, कधी गप्प राहून. प्रश्न आहे तो जबाबदारीनं बोलण्याचा. आपल्या मंडळाच्या स्पर्धांतही माईक कोणाच्या तरी हाती असणार आहे. त्या हातांना मी विनंती करतो : तुमच्या मैदानावर कोणीही 'बाकीचा' राहू देऊ नका.