मंत्रचळ आणि घरच्यांचा दिलासा

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगाव अशा तिन्हीकडचे रस्ते मिळतात. समजा, तिथून एक तरुण मोटारसायकलवर घरी निघालाय. गतिरोधकावर गाडी उसळते आणि मनात येतं, आपण कुणाला उडवलं तर नाही? तो गाडी वळवतो, रस्ता बघतो. काहीच नसतं. पुढं निघतो, तर नवी शंका: नीट बघितलं का? पुन्हा मागं. घरी आल्यावर बायकोला दहादा विचारणार, सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधणार.

हा मंत्रचळ, डॉक्टरांच्या भाषेत ओसीडी. आपल्याला त्यातले सारखे हात धुणारे तेवढे माहीत. त्यांचंही दुखणं सोवळ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं खपून जातं. कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणं, देवापुढं उभं राहिलं की अभद्र विचार येणं, हेही त्यातलंच. विचार खुळचट आहे हे बहुतेकांना कळत असतं; म्हणून तर ते लाजेनं लपवतात. मग कुणीतरी करणीची शंका काढतं नि उपचार लांबतात.

त्या तरुणाची बायको म्हणते, ‘अहो, काही झालं नाही.’ तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण दिलाशाची चटक लागते आणि शंका बळावते. म्हणून उपचारात नेमकं उलट करतात. गाडी उसळली तरी मागं फिरायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. जीव कासावीस होतो; पण काही न करताही ती घालमेल हळूहळू ओसरते, हे सरावानं अंगवळणी पडतं. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली या पद्धतीचे पहिले अनुभव मांडले. सुरुवात सोप्या पायरीपासून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करतात.

जोडीला फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीनसारखी औषधं देतात. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात आणि डोस नैराश्यात देतात त्यापेक्षा बरेचदा जास्त लागतो. आपली माणसं पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करतात, तिथंच घोडं पेंड खातं.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. डॉक्टरांकडं जाताना बायकोनंही सोबत जावं. त्यानं अकराव्यांदा विचारलं तर काय म्हणायचं, हे तिलाही तिथंच ठरवून घ्यावं लागतं.