टेलरसाहेबांची सासुरवाडी



शतकमहोत्सवी प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे, अशी आपली रीत आहे. मी ज्या पूर्वजाविषयी बोलणार आहे, तो आपल्यापैकी कुणाच्याही घरचा नव्हे. तरी कर्नल फिलिप मेडोज टेलर हे नाव आपल्या मुलखाला परके नाही. सुरपूरच्या टेकडीवर त्यांची ‘टेलर मंझिल’ आहे. १८५३ मध्ये ते नळदुर्गला आले आणि पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यांनी ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. त्यांच्या ग्रंथांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला कुतूहल वाटले ते त्यांच्या सोयरिकीचे.

टेलर १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मले. पंधरा वर्षांचा हा मुलगा १८२४ मध्ये व्यापारी पेढीत उमेदवारीसाठी मुंबईस उतरला आणि लवकरच निजामाच्या फौजेत दाखल झाला. त्यांचे आत्मचरित्र निधनानंतर, १८७७ मध्ये, कन्या अॅलिस हिने प्रसिद्ध केले. शिकारी, स्वाऱ्या, ठगांचे जबाब, तलावांची बांधकामे यांचे त्यात सविस्तर वर्णन आहे. विवाहाच्या वाट्याला मात्र अगदी थोड्या ओळी आल्या आहेत. हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी ही त्यांची पत्नी. विवाह १८३२ च्या सुमाराचा. १८४४ मध्ये ती वारली. टेलरांनी पुन्हा संसार मांडला नाही.

वंशशोधनाची वाट उलटी असते. नातवाचा हात धरून आजोबांकडे जायचे. इंग्रजांच्या बाबतीत ही वाट बरीच मळलेली आहे, कारण बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतील चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मृत्युपत्रेही जपलेली आहेत. आपल्या मोडी दफ्तरांना असे भाग्य सर्वत्र लाभले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तर मेरीचा हात धरून आपण विल्यम पामरकडे येतो. निजाम सरकारला कर्ज देणारी आणि १८२० नंतरच्या दशकात बुडालेली प्रसिद्ध पेढी ती यांचीच. त्यांचा जन्म १७८० चा. वडील जनरल विल्यम पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुण्यास पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. मराठी वाचकाला ते तिथे भेटतात. या जनरलसाहेबांचे संसार दोन. पहिला वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावर, सारा हॅझेल हिच्याशी. तिचा मुलगा जॉन पामर पुढे कलकत्त्याचा बडा व्यापारी झाला. दुसरा संसार लखनौस, फैज बख्श नावाच्या मुसलमान स्त्रीबरोबर. हैदराबादचे सावकार विल्यम हे तिचे पुत्र. म्हणजे टेलरसाहेबांची आजेसासू एक बेगम होती!

सारा चर्चच्या विधीने आलेली, त्यामुळे तिच्या विवाहाला कागदाचा आधार मिळतो. फैज बख्शचे काय? जनरल १८१६ मध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी तिचा उल्लेख पस्तीस वर्षांहून अधिक काळची प्रेमळ मैत्रीण आणि सोबतीण असा केला आहे. माया त्यात ओतप्रोत आहे. ‘पत्नी’ हा शब्द नाही. कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांच्या बाबतीत मुलांचा बाप्तिस्मा नोंदला गेला, बापाचे नाव आले आणि हिंदुस्थानी आईच्या नावाची जागा तशीच राहिली. फैज बख्श आपल्याला ठाऊक आहे, याचे मोठे श्रेय एका अपुऱ्या चित्राला आहे. १७८५ च्या सुमाराच्या त्या चित्रात ती मधोमध बसली आहे, भोवती मुले आहेत आणि जनरलसाहेब शेजारी. कुटुंब म्हणजे काय ते चित्रकाराला समजले होते. कारकुनाला रकाना सापडला नसावा.

नाव हरवण्याची आणखी एक तऱ्हा हैदराबादेतच दिसते. पामरांचे समकालीन तेथील रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक यांनी खैरुन्निसा बेगमेशी विवाह केला. त्यांची मुलगी साहिब बेगम हिला १८०५ मध्ये, लहान वयातच, विलायतेस पाठवले. तेथे बाप्तिस्मा झाला आणि ती कॅथरिन अरोरा झाली. १८८९ मध्ये ती इंग्लंडात वारली. दोन्ही नावे एकाच बाईची हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कितीही वह्या चाळल्या तरी धागा हाती लागणार नाही.

यावर आपण इंग्रजांना हसू नये. काही वर्षांपूर्वी मी त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे आमच्या घराण्याची वही उघडवली. सात पिढ्यांचे पुरुष सहीनिशी मिळाले. पणजीचे नाव मिळाले तेही सासरी ठेवलेले. ती कोणत्या गावची, माहेरी तिला काय म्हणत, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. लग्नात तांदळावर लिहिलेले एक अक्षर आमच्या वंशशोधनाची वाट अडवून बसले आहे.

टेलरांनी मौन का धरले असेल? १८५७ नंतरच्या इंग्रजी समाजात अशी नाती सांगणे जड जात होते, असे मला वाटते. पण १८७२ मध्ये त्यांनी ‘सीता’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. एक इंग्रज अधिकारी एका हिंदू विधवेशी विवाह करतो आणि त्याच्याच जातभाईंना ते रुचत नाही, अशी तिची कथा. आत्मचरित्रात सासुरवाडीला ज्यांनी चार ओळींत वाटेला लावले, त्यांनी असल्या संसारावर संपूर्ण कादंबरी लिहिली. मेरी तेव्हा जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.