वाद्यावाचून समूहगान
(धाड, जि. बुलढाणा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



“शाळेत पेटी नाही, म्हणून गाणे नाही,” अशी तक्रार आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे.

आपल्या मायबहिणी जात्यावर ओव्या गात, तेव्हा त्यांच्याजवळ कोणते वाद्य होते? जात्याची घरघर हाच त्यांचा आधारस्वर आणि हाताचा फेरा हाच ताल. हेमा राईरकर व गी पॉतवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रभर फिरून जमविल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्याबरोबर दोघींनी मिळून गाण्याची ही रीतही मागे पडली. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेच्या निमित्ताने सारा गाव एका स्वरात बसविला. हातात खंजिरी असे खरी. परंतु गाव गात असे ते कंठाने.

मात्र या सर्वांत सगळे एकच स्वर गातात. निरनिराळे स्वर एकाच वेळी गाऊन त्यांचा मेळ साधण्याची रीत जवळची पाहावयाची तर गोव्यात पाहावी. तेथे मांडो दोन आवाजांत गातात आणि चर्चमधील गायकवृंद अनेक आवाजांत. पोर्तुगीज अमदानीतील तेथील पॅरिश शाळांतून स्वरलेखनाचे शिक्षण मिळे. त्यातूनच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना कितीतरी वादक लाभले.

हे आपल्या शाळेत अवघड नाही. अर्ध्या मुलांनी षड्ज धरून ठेवावा, उरलेल्यांनी त्यावर सावकाश गंधार लावावा, मग पंचम. स्वर जुळला की तो मुलांना कानांनीच कळतो. येथे पेटी नसणे हा लाभच होय. षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येचा जो स्वाभाविक गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटतो, त्याहून पेटीचा गंधार किंचित चढा असतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी दूर ठेवली, त्यामागे सुरांविषयीचे असेच आक्षेप होते. मुलांचे कान पेटीवर बसण्याआधी एकमेकांच्या आवाजावर बसलेले बरे. पट्टी मात्र मुलांच्या गळ्याची धरावी, गुरुजींच्या नव्हे. ही चूक फार होते.

आता थोडे स्वतःविषयी. सातवीत असताना माझा आवाज फुटला. प्रार्थनेच्या वेळी गुरुजी म्हणाले, “तू फक्त ओठ हलव.” गुरुजी वाईट नव्हते, समारंभ जवळ आला होता, एवढेच. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी चारचौघांत तोंड उघडून गायलो नाही. बारा ते पंधरा या वयात मुलाचा आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. एकस्वरी गाण्यात त्याला जागा उरत नाही. दोन आवाजांच्या गाण्यात त्याला खालचा षड्ज देता येतो आणि तो देताच त्याच्यावाचून बाकीच्यांचे गाणे उभे राहत नाही.

पंचायत सदस्यांकडे माझे एकच मागणे आहे. राष्ट्रीय सणाच्या सकाळी ध्वनिक्षेपकावर तयार ध्वनिमुद्रिका लावू नये. राष्ट्रगीताला अवघी ५२ सेकंद लागतात. तेवढी मुलांना गाऊ द्यावीत, सूर थोडा हलला तरी. आणि मागच्या रांगेत ओठ मिटून उभा असलेला मुलगा दिसला, तर त्याला खालचा षड्ज कोणता ते दाखवावे.